अंतर एकशे एकाहत्तर, वेळ त्रेचाळीस मिनिटं

मेडशीच्या फाट्यावर लिंबाच्या झाडाला एक काळा फळा टांगलेला आहे. महामंडळाचा नाही, दौलतरावांचा. रोज सकाळी साडेसहाला दौलतराव धुवट पांढरा शर्ट घालून तिथं येतात, ओल्या फडक्यानं कालचं पुसतात आणि खडूनं आजच्या गाड्या लिहितात. अकोला किती वाजता, वाशीम किती वाजता, रिसोडची येणार की नादुरुस्त आहे. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही. एसटीत बत्तीस वर्षं काढली, आधी वाहक म्हणून आणि मग मंगरूळपीरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हात शिवशिवतो, दुसरं काय!

पंचक्रोशीत कोणाला कुठंही जायचं असो, लग्नाला की मयतीला, माणूस आधी दौलतरावांकडं येतो. "काका, पुसदले दुपारच्या आत पोचायचं हाय, कसं जाऊ?" दौलतराव डोळे मिटतात, ओठातल्या ओठात दोन आकडे पुटपुटतात आणि सांगतात, अमुक गाडीत बस, तमुक ठिकाणी उतर, बारा मिनिटं थांब, मागून दुसरी येते. आणि ती येतेच. घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर बेबीताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोन वर्षं त्यात सेल घातला नाही. म्हणायच्या, "कायले? हे हायेत ना चालतं-बोलतं."

त्यांचा एक सिद्धांत होता. "ज्या रस्त्याचे किलोमीटर लिवले, टाइम लिवला, त्या रस्त्यावर गाडी असतेच. गाडीच नसन तं कोण कायले मोजत बसन?" एसटीत हे सोळा आणे खरं होतं. बाहेरच्या जगात ते खरं आहे की नाही, हे तपासायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आली गेल्या नोव्हेंबरात, आणि अशी आली की पोटच्या पोरीचं आयुष्य टांगणीला लागलं.

पण त्याआधी एक जुना किस्सा सांगायला हवा. तो दौलतराव स्वतःच चारचौघांत छाती काढून सांगत, म्हणून सांगायला हरकत नाही.

अठ्ठ्याण्णव साल, मंगरूळपीरचा स्टँड. सकाळी साडेसहाची अकोला गाडी. दौलतरावांनी शिट्टी दिली, गाडी फाटकातून बाहेर वळली, आणि सतरा-अठरा वर्षांची एक पोरगी धापा टाकत आली. हातात हॉलतिकीट. "साहेब, थांबवा ना गाडी, माह्या पेपर हाय अकोल्याले!" गाडी अजून दिसत होती. एक लांब शिट्टी मारली असती तर थांबली असती. दौलतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. सहा एकतीस. "टाइम म्हणजे टाइम, बाई. गाडीत पन्नास माणसं बसले, त्यायचाबी टाइम हाय." पोरगी बाकावर जाऊन बसली. पुढची गाडी सव्वाआठला होती.

किस्सा एवढाच. ऐकणारे म्हणायचे, "वा काका, माणूस असावा तं असा." फक्त एकदा, साक्षी सात-आठ वर्षांची असताना, तिनं मध्येच विचारलं होतं, "बाबा, मंग त्या पोरीचं काय झालं?" दौलतराव म्हणाले, "मले काय माहीत?" आणि किस्सा पुढं नेला.

साक्षी त्यांची एकुलती एक लेक. आता सत्तावीस वर्षांची, मालेगावच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स. दर अकरा महिन्यांनी नोकरी राहते की जाते याची धाकधूक. रात्रपाळीत पेशंट झोपले की ती मोबाइलवर जर्मन शिकायची. तिकडच्या दवाखान्यांना आपल्या नर्स लागतात असं तिला कळलं होतं. दीड वर्ष शिकली, परीक्षा पास झाली, पण निवड यादीत नाव आलं नाही. प्रतीक्षा यादीत पहिलं आलं. घरात तो विषय बंद झाला होता.

आणि सोमवारी संध्याकाळी पाच वाजता निवड करणाऱ्या संस्थेचा निरोप आला. यादीतली एक जण गळाली आहे. बुधवारी सकाळी नऊला बेंगळुरूत मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहा. नाही राहिलात तर जागा खालच्या नावाला जाईल.

रेल्वेनं ते वेळेत बसत नव्हतं. साक्षीनं कामावरूनच मंगळवारचं नांदेड–बेंगळुरू विमानाचं तिकीट काढलं. दुपारी पावणेतीनचं उड्डाण. सोमवारची रात्रपाळी तिला टाळता येईना, मंगळवारी सकाळी आठला सुटणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, विमानाचं मी पाह्यलं. नांदेडपरेंत पोचवायचं तेवढं तुमी पाहा."

एवढं म्हणायचा अवकाश, दौलतरावांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. पण एक अडचण होती. साक्षीला लहानपणापासून गाडी लागायची. मालेगावपर्यंतसुद्धा खिडकीशी बसून, नाकाला लिंबू लावून जायची. रात्रभर जागलेली पोरगी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर ओकत जाईल आणि मग बेंगळुरूत काय बोलेल? दौलतरावांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि मोठ्यानं विचारलं, "अकोला विमानतळ ते नांदेड विमानतळ." पान उघडलं. चक्क मराठीत! 'हवाई अंतर : १७१ किलोमीटर. उड्डाणाची वेळ : ४३ मिनिटे.' खाली दोन विमानतळांना जोडणारी एक निळी रेघ आणि तिच्यावर छोटंसं विमान.

किलोमीटर लिहिलेले, टाइम लिहिलेला. संपलं की मग!

पुतण्या रवी भाड्याची गाडी चालवायचा, तोच नेणार होता. तो म्हणाला, "काका, आपून सीधे रस्त्यानं जाऊ ना. आता चौपदरी झाला. साडेआठले निघालो तं बाराच्या आत नांदेडात."

"अन् पोरगी ओकत जाईन त्याचं? अकोल्यापरेंत तासाभराचा रस्ता, तिथून त्रेचाळीस मिनिटं. झोपून उठल्यासारखी पोचन."

"पण तिकीट?"

"जवळच्या पल्ल्याचं तिकीट तिथंच भेटत असन. मी बत्तीस वर्षं काय गोट्या खेळलो का, बे?"

रवी गाडी पुसायला लागला. साक्षीनंही रात्री फोनवर एकदाच विचारलं, "बाबा, अकोल्याहून विमान हाय ना पक्कं?" "मी सांगून राह्यलो ना!" मग तिनं विचारलं नाही. बाबांची घडी चुकल्याचं तिनं सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि दौलतरावांनी काय करावं? मंगळवारी सकाळी गाड्या लिहून झाल्यावर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल खडूनं लिहिलं, 'अकोला–नांदेड (विमान) १७१ किमी. ४३ मिनिटं.' शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून पाहायला आली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

आठ चाळीसला मेडशी सोडलं. साक्षी पुढं, पायात घरातल्या स्लिपर, मांडीवर कागदपत्रांची फाइल, डोळे मिटलेले. चांगले बूट आणि इस्त्रीचे कपडे बॅगेत होते. दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी अकोल्यापलीकडच्या शिवणीच्या विमानतळाच्या फाटकासमोर उभी राहिली.

फाटक बंद. आत गवत, लांबवर एक रिकामी धावपट्टी. ना रिक्षा, ना चहावाला, ना माणूस. स्टँड म्हटलं की आधी चहावाला असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

पहारेकरी आला. "कोणाले भेटायचं?"

"नांदेडच्या विमानात बसायचं हाय."

"नांदेडच्या?" तो आधी हसला, मग यांचा चेहरा पाहून म्हणाला, "काका, इथून पब्लिकचं विमान नाही उडत सध्या."

दौलतरावांनी मोबाइल पुढं केला. "हे पाहा. अंतर देल्लं हाय. टाइम देल्ला हाय."

"अंतर तं असनच ना, काका. चंद्रापरेंतबी अंतर असते. म्हणून काय गाडी लागते?"

रवी दुसरीकडं पाहू लागला. साक्षी गाडीतून उतरली होती. तिनं सगळं ऐकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाइलवर पाहिलं आणि कोरड्या आवाजात रवीला विचारलं, "दादा, पावणेदोनले नांदेडच्या काउंटरवर बॅग द्यावी लागते. जमन?"

रवीनं घड्याळ पाहिलं. सव्वादहा. साडेतीन तास, दोनशे दहा किलोमीटर, त्यातलं पहिलं पाऊल उलटं. "बस," तो म्हणाला.

दौलतराव मागच्या सीटवर बसले. "माही चूक झाली," असं म्हणायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण गाडी अकोल्याच्या गर्दीतून कशी वाट काढत होती ते पाहून मिटलं. आतून मन त्यांना खात होतं. रवीचं ऐकलं असतं तर या घटकेला आपण हिंगोलीच्या जवळ असतो. नाक कापलं गेलं याचं काही वाटत नव्हतं. पण हे पोरीच्या जिवावर केलं आपण, नुसत्या फुशारकीपायी केलं!

पातूरच्या घाटात साक्षीला पहिल्यांदा उलटी झाली. रवीनं वेग कमी केला तशी ती तोंडाशी धरलेल्या पिशवीतूनच म्हणाली, "थांबवू नको."

"अवं, दोन मिनिटं..." रवी म्हणाला.

"थांबवू नको म्हटलं ना!"

दौलतरावांनी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

मेडशीला फोन गेला होता. सव्वाअकराला गाडी फाट्यावर आली तेव्हा बेबीताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, एका हातात लिंबाच्या फोडी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि रिकाम्या पिशव्या. मागं टपरीवरची माणसं उभी होती, आणि त्यांच्या मागं फळा. दौलतरावांनी तिकडं मान वळवली नाही. बेबीताईंनी खिडकीतून सगळं पोरीच्या मांडीवर टाकलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग नवऱ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"पोचवा तिले आता," एवढंच म्हणाल्या.

मालेगाव मागं पडलं. वाशीम बाहेरच्या बाहेर काढलं. बाराला पाच कमी. रवी दात आवळून चालवत होता. दौलतरावांचे ओठ सवयीनं आकडे पुटपुटत होते. असंच राहिलं तर एक चाळीस. पाच मिनिटं हातात. असंच राहिलं तर.

आणि राहतं कशाचं! कन्हेरगावच्या अलीकडं समोर गाड्यांची रांग लागलेली. सोयाबीनचा ट्रक आडवा झाला होता, पोती फुटून दाणे दोन्ही बाजूंना पसरले होते. क्रेन हिंगोलीहून निघाली म्हणे. मोबाइलच्या नकाशावर रस्ता लालभडक झाला होता. अडतीस मिनिटं उशीर, असं तो सांगत होता.

साक्षीनं डोकं मागं टेकलं. "झालं," ती म्हणाली. "गेलं."

दौलतराव खिडकीतून बाहेर पाहू लागले. डाव्या हाताला एक कच्चा रस्ता उतरत होता, तोंडाशी वाकलेली बाभूळ आणि मोडक्या पाटीवर कोण्या वस्तीचं नाव. तीस वर्षांपूर्वी इथूनच त्यांची मुक्कामी गाडी आत जायची. ते वाहक होते तेव्हा. रात्री गावात मुक्काम, पहाटे पलीकडून हिंगोली रस्त्याला.

"रवी," ते म्हणाले, "हा रस्ता पुढं निंघते."

"नकाशात नाही दाखवत, काका."

"नकाशात नसन. मी दोन वर्षं गेलो याच्यावरून."

रवी मागं वळला. त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, आता पुन्हा तुमचं ऐकू? आणि तो म्हणालाच. "काका, सकाळी तुमचंच ऐकलं होतं. आत घुसलो अन् रस्ता संपला, तं मंग अडतीस मिनिटांवरबी भागणार नाही."

दुसरा कोणता दिवस असता तर दौलतराव म्हणाले असते, मी सांगून राह्यलो ना! आज ते म्हणाले, "खरं हाय तुहं. मले पक्कं माहीत नाही. मधात एक नाला हाय. त्याच्यावरचा पूल राह्यला असन तं वीस मिनिटात पलीकडं. नसन तं..." ते थांबले. "साक्षी, सकाळी माही चूक झाली, बेटा. लय मोठी चूक झाली. आता तू सांग. तू म्हणशीन तसं."

साक्षीनं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. डोळे लाल, तोंडाला कोरड, केस कपाळाला चिकटलेले. बाबांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द तिनं आयुष्यात ऐकले नव्हते. निदान गाड्यांच्या बाबतीत.

"घे आत, दादा," ती म्हणाली.

गाडी बाभळीखालून उतरली. खड्डे असे की डोकं टपाला लागत होतं. "शाळेपासून डावीकडं... आता मारुतीचं मंदिर येईन... आलं!... इथून सीधा." शाळेला मजला चढला होता, मंदिराला नवा रंग, पण होती जागच्या जागी. एके ठिकाणी मळणी यंत्र रस्ता अडवून उभं होतं. दौलतराव चालत्या गाडीचं दार उघडून उतरले, हात जोडत पळाले, "दादा, पोरीचं विमान हाय हो, काढा एवढं!" यंत्रापाशी उभी असलेली शेतकरीण काय समजायचं ते समजली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली. यंत्र बाजूला व्हायला तीन मिनिटं गेली.

मग उतार लागला. नाला. रवीनं वळण घेतलं.

पूल होता. कठडे वाहून गेलेले, एका बाजूचं सिमेंट निघालेलं, पण होता. रवीनं पहिल्या गियरमध्ये गाडी इंचाइंचानं नेली. पलीकडं चाकं टेकली तेव्हा दौलतरावांच्या शर्टाची पाठ घामानं ओली झाली होती. हिंगोलीच्या अलीकडं पुन्हा चौपदरीवर चढले तेव्हा साडेबाराला एक मिनिट कमी होतं.

नांदेडच्या विमानतळासमोर गाडी थांबली तेव्हा एक बावन्न झाले होते.

सात मिनिटं उशीर.

साक्षी बॅग ओढत पळाली. दाराशी जवानानं तिकीट आणि ओळखपत्र पाहून तिला आत सोडलं आणि दौलतरावांपुढं हात आडवा केला. "तिकीट?" नव्हतं. मग ते काचेला चिकटून उभे राहिले. आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

काउंटरवर एक तरुण बाई होती, निळा कोट, गळ्यात रुमाल. साक्षी तिच्यापुढं वाकून बोलत होती. हात हलवत होती, मोबाइल दाखवत होती. त्या बाईनं मान हलवली. साक्षी पुन्हा बोलली. आणि त्या बाईनं हात वर करून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं.

ते बोट दौलतरावांच्या ओळखीचं होतं. ते त्यांचं स्वतःचंच बोट होतं. आणि काउंटरसमोर, स्लिपर घातलेली, केस विस्कटलेली, हातात कागद घेऊन उभी असलेली पोरगी... हाय रे देवा! सत्तावीस वर्षांत मंगरूळच्या त्या पोरीचा चेहरा त्यांना कधी आठवला नव्हता. आता मात्र तो साक्षीच्या पाठमोऱ्या आकृतीतही दिसला.

मग साक्षी वळली आणि बॅग घेऊन दाराकडं पळत आली. आतूनच तिनं बॅग जवानाच्या हातात दिली. "बाबा! बॅग नाही घेत आता, अन् एवढी मोठी संगं आत नेता येत नाही. चेक-इन मोबाइलवर केलेलं हाय, बिना बॅगेची जाऊ शकतो म्हणते ते बाई. पण तपासणीची रांग मोठी हाय अन् गेट दोन वीसले बंद होते. मी जातो!"

"अन् तुहे बूट? कपडे?"

"राहू द्या!" फाइल छातीशी धरून ती पळाली. स्लिपरचा फटफट आवाज काचेबाहेरसुद्धा आल्यासारखा वाटला. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

पुढं काय झालं ते दाराबाहेर कोणाला कळणार? दोन वीसला फोन लावला, उचलला नाही. दोन पस्तीसला लावला, बंद. रवी म्हणाला, "बंद हाय म्हंजे बसली, काका."

"का बॅटरी उतरली."

दोन एकावन्नला विमान उडालं. दौलतराव बॅगेचं हँडल धरून त्याच्याकडं पाहत राहिले. ती आत आहे की नाही हे त्या विमानाकडं पाहून कसं समजायचं? एसटीची खिडकी तरी असते, हात तरी दिसतो. ते सव्वातीनपर्यंत दारासमोर उभे राहिले. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या पायांकडं त्यांनी आधी पाहिलं. स्लिपर नव्हत्या कोणाच्या.

परतीच्या रस्त्यावर, साडेचारच्या सुमाराला, मोबाइल वाजला. निरोप होता. 'बाबा पोचली. चार्जिंग नाही. उद्या बोलतो.' दौलतरावांनी तो रवीला दोनदा वाचून दाखवायला लावला.

घरी बॅग पाहताच बेबीताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आता गं माय! सुटलं का विमान?" "नाही. पोरगी गेली, बॅग राह्यली." मग त्यांनी बॅग उघडली, तळाशी कागदात गुंडाळलेले नवे काळे बूट निघाले, आणि त्या जमिनीवर बसून रडल्या. "माही पोरगी स्लिपरवर उभी राहीन त्या साहेबांपुढं. तुमच्यापायी." दौलतरावांनी बूट पुन्हा कागदात गुंडाळले.

बुधवारी साडेसहाला ते फळ्यापाशी आले. यायला पाय धजत नव्हते, पण आले. लाल खडूची ओळ तशीच होती. टपरीवर जगदेव बसलेला होता, गावातला जुना जोडीदार आणि नंबर एकचा टवाळ. "काय काका, आज नागपूरचं विमान किती वाजता?" सगळे हसले. दौलतरावांनी ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसला, ती ओळ सोडून. तिच्याखाली लिहिलं, 'गाडी नाही.' मग बाकीच्या गाड्या लिहिल्या आणि तिथंच बसून राहिले. नऊ वाजले. दहा वाजले. चहा थंड झाला.

अकरा चाळीसला फोन आला.

"बाबा, झालं! घेतलं मले!"

दौलतरावांनी लिंबाचं खोड धरलं. "अन् बूट?"

"हॉस्टेलवर एकीचे घेतले. एक नंबर मोठे होते, कापूस भरला." साक्षी हसत होती, रडतही होती. "बाबा, पण काल मी पोचलीच नसती. काउंटरवाली ते बाई हाय ना, तिनं बॅग तं नाही घेतली, नियम नियम करत होती. पण मी पळाली तशी तिनं गेटवर फोन केला. म्हणे एक पोरगी येऊन राह्यली, थांबवा. गेटवाला दार लावत होता, मले म्हणाला, तुमच्यासाठीच थांबलो. दोन मिनिटं, बाबा. तिनं नाही केला असता फोन तर गेलंच होतं."

फोन संपला तरी दौलतराव मोबाइल कानाशी धरून उभे होते. बातमी टपरीवर सगळ्यांना कळली होती. जगदेवनं उठून त्यांना मिठी मारली, साऱ्यांचा चहा सांगितला. "मानलं बाप्पा! साधला ना शेवटी टाइम! दौलतरावाची घडी हाय, खेळ हाय का? सांग यायले तो मंगरूळचा किस्सा, या नव्या पोट्ट्यायनं नाही ऐकला."

"टाइम नाही साधला, जगदेव," दौलतराव म्हणाले. "दुसऱ्यानं दोन मिनिटं देल्ली."

ते बाकावर बसले. किस्सा सांगितला. पण या वेळी वेगळा सांगितला. "साडेसहाची गाडी शेलूबाजारले दहा मिनिटं थांबे, ड्रायव्हर चहा पे. शेलूच्या केबिनीत फोन होता. माह्या टेबलावरबी फोन होता, हाताशीच. एक फोन केला असता, गाडी थांबवून धर म्हटलं असतं, अन् पोरीले कोण्या जीपमंधी बसवून देल्ली असती, तं तिले पेपर भेटला असता. नियमबी मोडला नसता. हे मले तवाच माहीत होतं. ते पोरगी सव्वाआठपरेंत बाकावर बसून होती, माह्या समोर. मी नाही केला फोन."

चहा वाटणाऱ्या बाईचा हात थांबला होता.

"मंग त्या पोरीचं काय झालं, काका?" कोणीतरी विचारलं.

"मले माहीत नाही," दौलतराव म्हणाले, आणि किस्सा तिथंच संपवला.